दिवस गेल्यावर व्यायाम: काय, किती, कसा आणि कधी थांबायचं

‘मॅडम, मी रोज चालतो की! मग नॉर्मलच होईल नव्हं?’

गेल्या वर्षी सातवा महिना लागलेली शिवाजी पेठेतली एक मुलगी मला विचारत होती. (कोल्हापूरच्या मुली ‘चालतो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) तिचं पुढं सिझेरियन झालं. बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिलं, आणि कितीही चाललं तरी बाळाला वळवण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. घरच्यांचा सूर लगेच निघाला, ‘एवढं चालून काय उपेग?’ तर उपयोग असा, की पाचव्या महिन्यात साखर वाढलेली ती मुलगी आहार आणि चालणं एवढ्यावर, इन्सुलिनशिवाय, शेवटपर्यंत गेली. कंबर धरून बसली नाही. टाके असूनही दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत चालली.

गरोदर बायकांचा व्यायाम घेणं हे माझं काम आहे, आणि या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न ‘नॉर्मल होईल का’ हाच. व्यायाम करणाऱ्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण थोडं कमी दिसतं, हे खरं. पण वार (प्लासेंटा) कुठं आहे, बाळ कसं आहे, ऐनवेळी त्याचे ठोके कसे पडतात, यातलं काहीच चालण्यानं ठरत नाही. अमुक आसन केलं की नॉर्मल होतंच असं सांगून कुणी फी मागत असेल तर पर्स बंद करा. व्यायाम करायचा तो आईच्या तब्येतीसाठी. हा लेख त्याच हिशेबानं लिहिलाय.

आईच्या अंगात काय चाललेलं असतं

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ते फिरवायला हृदयाला जादा काम पडतं आणि बसल्या जागीसुद्धा नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी जलद चालते. म्हणून जिना चढताना पहिल्यासारखा दम टिकत नाही. रोज थोडं चालणारीचं हृदय या वाढीव कामाला सरावतं, आणि मग तोच जिना तिला कमी दमवतो.

साखरेचं गणित जरा समजून घेण्यासारखं आहे. वारेतून सुटणारे काही हार्मोन आईच्या अंगात इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बाळाला सतत साखर मिळावी म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. पण ज्यांच्या घरात मधुमेह आहे, वजन आधीच जास्त आहे, त्यांच्या रक्तात मग साखर साठू लागते. इथं स्नायू कामाला येतात. चालताना मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. जेवणानंतर १०-१५ मिनिटांची फेरी म्हणूनच औषधासारखी लागू पडते, आणि आपल्याकडं भात-भाकरी-चपाती असा पिठूळ आहार असताना तर जास्तच.

कॅनडातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि व्यायामशास्त्राच्या संघटनांनी २०१९ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर त्यांना दिसलं, की नियमित व्यायाम करणाऱ्या गरोदर बायकांत गरोदरपणातला मधुमेह, वाढलेलं बीपी आणि बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाण्याचा त्रास, या तिन्हींची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी कमी होती. गोळीनं असा फरक पडला असता तर ती गोळी प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर दिसली असती. गर्भपाताची भीती घालणाऱ्यांसाठी हेही सांगते: तब्येत ठीक असलेल्या बाईनं बेताचा व्यायाम केल्यानं गर्भपात वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

बाकीचे फायदे कागदावर कमी आणि घरात जास्त दिसतात. पोट पुढं आलं की कंबरेचा बाक वाढतो, सांधे बांधणारे पट्टे सैल होतात आणि कंबर ठणकायला लागते. पाठीचे, कुल्ल्यांचे स्नायू मजबूत असले तर हा भार तेच पेलतात. पोटऱ्या हलत्या राहिल्या की सूज आणि शिरा फुगणं कमी होतं. गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट असतो, त्यामुळे नऊ महिने कॉटवर पडून राहण्याचा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पोट साफ होतं, झोप बरी लागते. आणि मन. माहेरापासून लांब, नव्या घरात, उलट्यांनी बेजार झालेल्या मुलीला दिवसातला अर्धा तास उघड्या हवेत एकटीला मिळतो, याची किंमत तिलाच कळते.

पहिली पायरी: फाईल उघडा

चप्पल घालण्याआधी फाईल. दवाखान्याची फाईल असेल, नाहीतर आशाताईनं दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड असेल, ते डॉक्टरांपुढं ठेवून सरळ विचारा: ‘मी व्यायाम करू का? चालणं सोडून आणखी काय चालेल?’ ‘जपून राहा’ हे उत्तर पुरेसं नाही. काय जपायचं, ते विचारा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तो दिवस पकडा.

पुढच्यापैकी काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही: हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, गर्भाशयाचं तोंड सैल असणं किंवा तिथं टाका घातलेला असणं, जुळं किंवा तिळं आणि लवकर कळा येण्याचा धोका, चौथ्या महिन्यानंतरही अंगावरून रक्त जात राहणं, २६ आठवड्यांनंतरही वार खालीच असणं, पाणमोट फुटलेली असणं, बीपी १४०/९० किंवा वर असणं, आणि तीव्र रक्तक्षय.

या शेवटच्यावर थोडं थांबते, कारण आपल्याकडं तोच सगळ्यात जास्त भेटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींतली एक. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे, ७ च्या खाली असेल तर तो तीव्र आहे, आणि तेव्हा व्यायाम नाही, उपचार. मधल्या आकड्याला हळू चालणं बहुधा चालतं, पण चार पावलांत धाप लागत असेल तर पावलं वाढवण्याऐवजी रक्त वाढवा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज एक घ्यायच्या असतात. शी काळी होते, मळमळतं, म्हणून निम्म्या गोळ्या कपाटात राहतात हे मला ठाऊक आहे. चहाबरोबर घेऊ नका; लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर रात्री जेवणानंतर घेऊन बघा.

साखरेची तपासणीही या पायरीतच येते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या तपासणीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, अशी दोनदा ही तपासणी करायची असते. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नका.

आणखी एक. डॉक्टरांनी ‘बेडरेस्ट’ लिहून दिली असेल तर ती कशासाठी आणि किती दिवस, हे जरूर विचारा. नुसतं पडून राहिल्यानं वेळेआधीची बाळंतपणं टळतात याला आधार सापडलेला नाही. तरीही तुमच्या बाबतीत खरंच कारण असू शकतं, म्हणून हा निर्णय स्वतः फिरवू नका. विचारा मात्र.

किती? आठवड्याला १५० मिनिटं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली गरोदर बायकांसाठी हाच आकडा दिला: आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, सोबत स्नायूंचे व्यायाम. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. हा अर्धा तास एकदम व्हायला पाहिजे असं नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात, आणि साखर असलेलीला तेच बरे.

मध्यम जोर ओळखायचा कसा? चालता चालता मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. पूर्ण वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. आरामात गुणगुणता येत असेल तर थोडा वाढवा. नाडी मोजत बसू नका. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ‘नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका’ असं म्हटलं होतं, १९९४ मध्ये तो आकडा त्यांनीच काढून टाकला. तरी कुणाच्या तरी मोबाईलवर तो अजून फिरत असतो.

याआधी कधी व्यायाम केलाच नसेल तर असं करा. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, पाच दिवस. पुढच्या आठवड्यात १५. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत पाचव्या आठवड्यात ३० वर या. सुरुवातीची आणि शेवटची तीन-चार मिनिटं हळू चालायची. मध्येच सर्दी-ताप आला, उलट्यांनी दोन आठवडे गेले, तर राहिलेलं भरून काढायच्या मागं लागू नका, एक पायरी खाली उतरून पुन्हा चढा. आधीपासून जिम, योग, पोहणं करणारीनं ते सोडायची गरज नाही. डॉक्टरांना सांगून जोर थोडा उतरवायचा एवढंच.

कुठं चालायचं, कधी, काय घालून

कोल्हापुरात चालायच्या जागांची चणचण नाही. रंकाळ्याचा काठ आहे, शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहे, कळंब्याचा तलाव आहे. माझी पसंती विद्यापीठाला. झाडी आहे, रस्ता रुंद आहे आणि खाऊच्या गाड्यांचा मोह कमी. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाड्या, मुलांच्या सायकली आणि गर्दी, त्यामुळे तिथं सकाळ बरी. घरापासून लांब असेल तर गच्ची किंवा गल्ली चालेल. तिथंही स्नायू साखर खातातच.

मार्च ते मेमध्ये सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. पहिल्या तीन महिन्यांत अंग फार तापणं बाळाला चांगलं नसतं, म्हणून कडक उन्हात किंवा कोंदट बंद खोलीत घाम गाळणं नको. जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पाऊस आठवडाभर उघडत नाही, फरशी शेवाळते, आणि सैल सांधे, पुढं आलेलं पोट घेऊन घसरून पडलं तर सगळंच महागात जातं. पावसाळ्यात घरातच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत घड्याळ लावून चाला, जागच्या जागी पाय उचला. कंटाळवाणं आहे, मान्य. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या, ओल्या मोऱ्या, आणि आषाढात पंचगंगेचं पाणी ओतून ओल्या झालेल्या टेंबलाईच्या देवळाच्या पायऱ्या टाळायच्या यादीत धरा. जोतिबाचं दर्शन घ्या, पण यात्रेच्या गर्दीत डोंगर चढायचा नवस या वर्षी नको. नवरात्रात अनवाणी आणि कडक उपवास करून पहाटे अंबाबाईला चालत जाणाऱ्या बायका मी दरवर्षी बघते. त्यातल्या गरोदर बाईनं निदान पायात काहीतरी घालावं आणि पोटात काहीतरी टाकावं. देवी आईच आहे, तिला कळतं.

पायात कोल्हापुरी नको. अभिमान आपल्या जागी, पण सपाट चामड्याच्या तळव्याला ओल्या फरशीवर पकड नसते आणि टाचेला गादी नसते. साधे कापडी, रबरी तळव्याचे बूट घ्या. पाय सुजतात म्हणून संध्याकाळी माप देऊन, हवं तर एक नंबर मोठे. छातीला आधार देणारी आतली बनियन घ्या. साडीत चालायचं असेल तर नेसण जरा वर. गाऊनमध्ये पाय अडकतो.

निघण्याआधी उपाशी नको. एक केळं, चार खजूर किंवा अर्धी भाकरी अर्धा-पाऊण तास आधी. साखर असेल तर केळं-खजुराऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे. पाण्याची बाटली हातात असू द्या. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायची सवय असेल तर एक इशारा: म्हैस समोर पिळून ग्लासात दिलेलं धारोष्ण दूध पैलवानांना लखलाभ, गरोदर बाईनं दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातले काही जंतू आईला साधा ताप आणतात, पण गर्भाला मोठा धोका करतात.

घरचे जोर-बैठका

चालण्यानं हृदय आणि साखर सांभाळली जाते. कंबर आणि खांद्यांना वेगळं काम लागतं. हा तालमींचा गाव आहे, तेव्हा आपण त्याला जोर-बैठकाच म्हणू. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एका दिवसाआड. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, झेपलं तर थोडं थांबून दुसरी फेरी. दम कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल.

बैठका खुर्चीवरच्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या पुढच्या काठावर बसा, पाय खांद्याइतके लांब. श्वास सोडत हात न टेकता उभ्या राहा, मग तीन आकडे मोजत हळूहळू बसा. धपकन बसलं तर अर्धा फायदा गेला. आठव्या-नवव्या महिन्यात खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

जोर भिंतीवरचे. भिंतीपासून हातभर लांब उभ्या राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपरं वाकवून छाती भिंतीकडं न्या आणि परत. कंबर खचू देऊ नका. बाळ झाल्यावर त्याला तासन्‌तास धरणारे खांदे इथं तयार होतात.

तिसरं मार्जारासन, आणि कंबरदुखीसाठी माझं सगळ्यात आवडतं. सतरंजीवर गुडघे आणि तळवे टेकून चार पायांवर या. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर फुगवा, हनुवटी छातीकडं. श्वास घेत पाठ सपाट करा. सपाटच. पोट खाली लोंबकळेल इतकी कंबर सोडायची नाही. या स्थितीत पोटाचा भार पाठीवरून उतरतो, म्हणून व्यायाम म्हणून नाही तरी संध्याकाळी कंबर भरून आल्यावर दोन मिनिटं करावं असं आहे. मनगटं दुखत असतील तर मुठींवर करा.

चौथं झोपून. डाव्या कुशीवर, गुडघे वाकवलेले, डोक्याखाली आणि पोटाखाली उशी. टाचा एकमेकींना चिकटलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडा, मिटा. मग कूस बदला. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू यानं मजबूत होतात आणि चालताना डोलणं, जांघेतलं दुखणं कमी होतं. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर गुडघा थोडाच उघडा; तरी दुखलं तर हा प्रकार सोडून द्या आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पोटरीसाठी ओट्याला धरून टाचा उचला-टेका. बसल्या बसल्या पंजे वर-खाली. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडं ओढायचा.

न दिसणारा व्यायाम

खोकलं, शिंकलं, हसलं की लघवीचे थेंब सुटतात. शेवटच्या महिन्यांत कितीतरी जणींना हे होतं आणि जवळजवळ कुणीच सांगत नाही. ओटीपोटाच्या तळाशी लघवी, गर्भाशय आणि शौचाचा भाग पेलून धरणारी स्नायूंची झोळी असते, बाळाच्या वजनानं ती ताणली जाते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्याला केगेल म्हणतात. गरोदरपणात नियमित केला तर लघवी सुटण्याचा धोका कमी होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तो रोज करायला सांगते.

करायचं असं. खुर्चीत ताठ बसा किंवा कुशीवर पडा. लघवी आणि वायू दोन्ही एकदम अडवायचे आहेत अशी कल्पना करा आणि तो भाग आत-वर ओढून घ्या. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत; चेहरा तर नाहीच. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, श्वास चालू ठेवा, मग पाच आकडे पूर्ण सैल सोडा. असे दहा. त्यानंतर दहा पटापट आवळा-सोडा. दिवसातून तीनदा. महिन्याभरात धरण्याचा वेळ दहा आकड्यांवर न्या. खरी लघवी चालू असताना मध्येच थांबवून सराव करू नका. एकदा ओळख पटवायला ठीक, रोज केलं तर लघवी पूर्ण न होण्याची सवय लागते.

सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बाळंतपणात ही झोळी आवळायची नसते, सैल करायची असते. नवव्या महिन्यात लांब श्वास सोडत ती सैल करण्याचा सराव वाढवा.

महिन्यागणिक बदल

पहिले तीन महिने थकवा आणि मळमळ सांगेल तसं. दहा मिनिटं झाली तरी मोठी गोष्ट. चौथा ते सातवा हा सुकाळ; बहुतेकींना याच काळात तरतरी असते, तेव्हा सवय इथं बसवा. चौथ्या महिन्यापासून उताणं झोपून करायचे व्यायाम बंद, कारण वाढलेलं गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर दाब टाकतं, हृदयाकडं रक्त कमी येतं, चक्कर येते. उठताना कधीही सरळ उठू नका; कुशीवर वळून हाताच्या आधारानं. सातव्यानंतर पावलं लहान होतील, वेग उतरेल. ‘पूर्वीसारखं होत नाही’ म्हणून खट्टू होऊ नका. अंगावर आता बरेच किलो जास्त आहेत. नेहमीचं वजन असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत साधारण साडेअकरा ते १६ किलो वाढणं अपेक्षित असतं, आधीच वजनदार असेल तर सात ते साडेअकरा.

व्यायाम करते म्हणून खाणं कमी करायचं नाही. भारतीय आहार शिफारशींनुसार गरोदरपणात रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. ‘दोघांचं खा’ म्हणजे दुप्पट नव्हे, हेही सासूबाईंना गोडीत सांगा.

पोहता येत असेल तर स्वच्छ तलावात पोहणं उत्तम. पाणी पोट पेलतं, सांधे मोकळे होतात. नदीत, विहिरीत नको. पोट दाबणारी, पालथी, उड्या मारायची, तोल जायची आसनं नकोत; कपालभाती आणि श्वास कोंडणारे प्राणायाम नकोत; अनुलोम-विलोम न कोंडता करा. बॅडमिंटनपासून कबड्डीपर्यंत जिथं धक्का, चेंडू किंवा पडण्याची शक्यता आहे ते सगळं पुढच्या वर्षी.

‘घरकाम हाच व्यायाम’

‘आमच्या येळंला कुठला आलाय व्यायाम? वैरण आणली, म्हशी पिळल्या, नवव्या म्हैन्यात बी भारा उचलला.’ करवीर-कागलकडच्या आत्याबाई सुनेला घेऊन आल्या की हे वाक्य ठरलेलं. त्यांचं खोटं नाही. पण भारा उचललेल्यांपैकी कितीजणींचं अंग (गर्भाशय) बाहेर आलंय, कितीजणींना शिंकताना पाय आवळून उभं राहावं लागतं, हे विचारलं की खोलीत जरा शांतता पसरते.

हालचाल अंगाला चांगली, पण काम आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात वेग तुम्ही ठरवता, दमलात की थांबता. कामात म्हैस, चूल आणि मुकादम ठरवतो. तासन्‌तास वाकून भांगलण, डोक्यावर वैरणीचा भारा, भरलेली घागर, उसाची मोळी यांनी पाठ आणि ओटीपोट ताणलं जातं, आणि दिवसभर राबलेल्या बाईला वर अर्धा तास चाल म्हणणं हा अन्याय आहे. तिला व्यायामाआधी विश्रांती द्या: दुपारी तासभर कुशीवर पडणं, जड उचलणं दुसऱ्याकडं, आणि जोडीला केगेल व मार्जारासन. उलट ज्या घरात धुणीभांडी बाई करते आणि सून दिवसभर बसलेली आहे, तिथं ‘मी स्वयंपाक करते ना’ हे पुरत नाही. ओट्याशी उभं राहून पाय सुजतात, नाडी वाढत नाही. बसून फरशी पुसल्यानं बाळ खाली सरकतं, ही समजूत मात्र आता दोन्ही घरांनी सोडावी.

हे दिसलं की लगेच थांबा

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात दुखणं, ठरावीक अंतरानं कळा, छातीत दुखणं, चालायला सुरुवात करण्याआधीच धाप, चक्कर, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, तोल जाईल इतका अशक्तपणा, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. यातलं काहीही झालं तर तिथंच बसा आणि दवाखाना गाठा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरीही तेच. तातडी असेल तर १०८, गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी १०२, दोन्ही फोन मोफत. चालायला जाताना मोबाईल आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा, आणि कुठल्या बाजूला जाताय ते घरी सांगून निघा.

बाळ झाल्यावर

सव्वा महिना कॉटवरून उतरायचंच नाही, ही पद्धत प्रेमातून आली असली तरी रक्ताच्या गुठळीचा धोका बाळंतपणानंतरचे काही आठवडे सगळ्यात जास्त असतो. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, सिझेरियन झालं असलं तरी, खोलीतल्या खोलीत चाला. नॉर्मल झालं असेल तर दुखणं बेताचं झाल्यावर केगेल हलकेच सुरू करा. सिझेरियननंतर लघवीची नळी निघाली की तेही चालतं. पोट बांधल्यानं उठता-बसताना आधार वाटतो, जरूर बांधा, पण कापड स्नायूंना मजबूत करत नाही आणि घट्ट आवळलं तर सगळा दाब खाली ओटीपोटावर येतो. पोटाचे व्यायाम आणि बाळापेक्षा जड काही उचलणं सहा ते आठ आठवड्यांची तपासणी होईपर्यंत नाही. नंतर पुन्हा १० मिनिटांपासून सुरुवात, तोच पाच आठवड्यांचा जिना.

साखर वाढलेली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ती पुन्हा तपासावी. पुढं मधुमेह होण्याचा धोका त्यांना जास्त असतो, आणि नेमकी ही तपासणी बाळाच्या लसींच्या धावपळीत राहून जाते. बाळाच्या पहिल्या लसीच्या तारखेशेजारीच आपल्या तपासणीची तारीख लिहून ठेवा. आणि तीन महिन्यांनंतरही शिंकताना लघवी सुटत असेल, पोटाच्या मध्यभागी बोटं आत जातील एवढी फट राहिली असेल, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ हे ऐकून परत फिरू नका. त्यावर उपचार आहेत, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात व्यायामानंच होते.